घड्याळातली रोजकीर्द, कागदावरची खतावणी

प्रश्न : मी सहकारी पतसंस्थेतून निवृत्त झालो, वय ६७. मुलीने मला ॲपलचं घड्याळ दिलं आहे, सौ.ला त्याआधीच सूनबाईंनी सॅमसंगचं घेऊन दिलं होतं. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी माझी रक्तदाबाची गोळी बदलली. नव्या गोळीने नाडी थोडी मंदावते, असं ते म्हणाले. ‘घड्याळ हातात आहेच, तर गेल्या तीन महिन्यांचे आकडे एका कागदावर घेऊन या,’ असंही सांगितलं. फोनमधून सगळी माहिती बाहेर काढली तर एक झिप फाईल मिळाली. तिच्यातली मोठी फाईल एक्सेलमध्ये उघडायला गेलो आणि संगणक जागच्या जागी थांबला. सौ.ची फाईल उघडली, पण ती रोज पहाटे सव्वापाचला फिरायला निघते आणि तक्त्यात आदल्या रात्रीचे पावणेबारा दिसतात! घड्याळ बिघडलं आहे की आमचं काही चुकतंय? – एक वाचक, सांगली

उत्तर : घड्याळ बिघडलेलं नाही आणि तुमचंही फारसं चुकलेलं नाही. पत्रातला ‘पतसंस्था’ हा शब्द वाचला आणि उत्तर कुठून सुरू करावं ते कळलं. फोनने तुम्हाला दिली आहे ती रोजकीर्द. डॉक्टरांनी मागितली आहे ती खतावणी. दिवसभरात जे जे घडलं ते घडेल त्या क्रमाने लिहिलेलं बाड आणि त्यातून एका खात्यापुरतं काढलेलं पान यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. सगळं बाड एकदम टेबलावर ओतलं म्हणून संगणक थांबला.

आधी तुमचं घड्याळ. ‘हेल्थ’ ॲपमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवून अगदी तळाशी गेलं की ‘एक्स्पोर्ट ऑल हेल्थ डेटा’ असं बटण असतं. तुम्ही तेच दाबलं असणार. त्या झिपमध्ये एक्सएमएल नावाच्या प्रकारातली एक भलीमोठी फाईल असते. तिच्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद : कशाचं माप, कोणत्या यंत्राने घेतलं, एकक काय, केव्हा सुरू झालं, केव्हा संपलं आणि आकडा किती. नाडीचा एक साधा आकडा, ‘७२’, सांगायला शेकडो अक्षरं खर्ची पडतात.

आता मोजून पाहू. घड्याळाने दर पाच मिनिटांनी नाडी टिपली असं धरलं, तर दिवसाच्या २८८ नोंदी होतात. त्यात तुम्ही रोज तासभराचा व्यायाम घड्याळात नोंदवत असाल आणि त्या तासात दर पाच सेकंदांनी एक नोंद होत असेल, तर आणखी ७२०. झाल्या हजारावर. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. लिबरऑफिसची मर्यादाही तेवढीच. म्हणजे फक्त नाडीच्या नोंदींनी पावणेतीन-तीन वर्षांत पान भरतं. त्याच फाईलमध्ये पावलं, अंतर, उष्मांक, झोप, चढलेले मजले हे सगळं असतं, ते वेगळंच. सामान्य घरगुती संगणकाने हे उघडावं ही अपेक्षाच धरू नये.

पण तुमच्या डॉक्टरांना हे सगळं नकोच आहे. नाडी मंद करणारी गोळी दिल्यावर त्यांना बघायची असते ती विश्रांतीची नाडी : माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला पडणारे ठोके. ॲपल हा आकडा दिवसाला एक असा वेगळा काढून ठेवतो, नाव ‘रेस्टिंग हार्ट रेट’. तीन महिन्यांचे नव्वद दिवस, नव्वद आकडे. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, झिप बाजूला ठेवा. हेल्थ ॲपमध्ये ‘रेस्टिंग हार्ट रेट’ उघडा, खाली ‘शो ऑल डेटा’ दाबा, सगळी यादी तारखेनिशी समोर येते. सौ.ना आकडे वाचायला बसवा आणि तुम्ही टंकत जा. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाला हे अर्ध्या तासाचं काम आहे. तंत्रज्ञानाच्या सदरात हाताने टंकायला सांगणं काहींना रुचणार नाही, पण नव्वद आकड्यांसाठी यापेक्षा बिनचूक रस्ता मला माहीत नाही. शिवाय टंकताना प्रत्येक आकडा नजरेखालून जातो, आणि एखादा विचित्र आकडा तिथेच डोळ्यांत भरतो.

हे काम दर महिन्याला करायचं असेल, तर मात्र फोनमधलं ‘शॉर्टकट्स’ हे ॲप शिकून घ्या. त्यात आरोग्याच्या नोंदी शोधून देणारी एक कृती आहे. तिला प्रकार, मुदत आणि दिवसवार गट हे तिन्ही सांगता येतात आणि मिळालेली यादी फाईलमध्ये साठवता येते. सगळं फोनमध्येच घडतं, माहिती बाहेर कुठे जात नाही. सुट्टीत नातवंडं आली की त्यांच्याकडून हे एकदा मांडून घ्या.

आता सौ.ची पहाट. सॅमसंग हेल्थच्या सेटिंग्जमध्ये ‘डाउनलोड पर्सनल डेटा’ असतं. त्यातून एक फाईल न येता अनेक फायलींचं गाठोडं येतं, आणि त्या सीएसव्ही प्रकारच्या असतात. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने विलग केलेले आकडे, बस्स. ते एक्सेललाच काय, साध्या नोटपॅडलाही वाचता येतात. यात दोन खाचखळगे आहेत. पहिली ओळ ही रकान्यांच्या शीर्षकांची नसते, त्या फाईलच्या ओळखीची असते. शीर्षकं दुसऱ्या ओळीत असतात. म्हणून पहिली ओळ काढून टाकायची.

दुसरा खळगा तुमच्या पत्रातला. तिथली वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. सव्वापाचातून साडेपाच तास वजा केले की आदल्या तारखेचे रात्रीचे पावणेबारा उरतात. सौ. वेळेवरच निघतात, तक्ता लंडनमधल्या ग्रिनिचच्या रेघेवर उभा राहून बोलतो आहे इतकंच. शेजारीच ‘टाइम ऑफसेट’ नावाचा रकाना असतो, त्यात ०५३० लिहिलेलं दिसेल. एक नवा रकाना घाला आणि मूळ वेळेत साडेपाच तास मिळवा. एक्सेलच्या हिशेबात पूर्ण दिवस म्हणजे १, म्हणून साडेपाच तास म्हणजे ५.५ भागिले २४. हे न करता दिवसाची बेरीज मारली, तर रोजच्या पहाटेच्या चालण्याची पहिली पंधरा मिनिटं आदल्या दिवसाच्या खात्यावर जमा होतात, आणि का जुळत नाही ते शोधत माणूस बसतो.

काही फायलींत वेळेच्या जागी तेरा अंकी आकडा दिसेल. घाबरू नका, तीही वेळच आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती हजारांश सेकंद गेले त्याची ती मोजणी. एक्सेल स्वतः दिवस मोजतो ते १ जानेवारी १९०० पासून. १ जानेवारी २०२६ ही तारीख त्याच्या पोटात ४६,०२३ अशी असते. म्हणून त्या तेरा अंकी आकड्याला ८,६४,००,००० ने भागा (एका दिवसातले हजारांश सेकंद), त्यात २५,५६९ मिळवा (एक्सेलच्या मोजणीत १ जानेवारी १९७० चा आकडा), मग वर सांगितलेले साडेपाच तास. रकान्याचं स्वरूप तारीख-वेळ करा. आपली नेहमीची तारीख समोर येईल.

पावलांच्या बाबतीत एक फसगत जवळपास प्रत्येकाची होते. फिरायला जाताना खिशात फोन असतो, मनगटावर घड्याळ असतं. पावलं दोघंही मोजतात. हेल्थ ॲपच्या पडद्यावर बेरीज दाखवताना ॲपल ही दुबार नोंद गाळतो, पण बाहेर काढलेल्या फाईलमध्ये दोन्ही नोंदी जशाच्या तशा असतात. सरळ बेरीज मारली की चार हजारांची सात-आठ हजार होतात. एकच पावती दोनदा खतवल्यासारखं आहे हे. ‘सोर्स’ या रकान्यावर गाळणी लावून फक्त घड्याळाच्या नोंदी ठेवा. आणि दहा हजारांचा आकडा गाठला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तो आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेने ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. तिथून तो जगभर पसरला.

झोपेची बेरीजही गोंधळात टाकते. समजा आठवड्याची झोप साडेपंचेचाळीस तास झाली. एक्सेल ती २१:३० अशी दाखवेल, कारण चोवीस तास पुरे झाले की तो घड्याळासारखा पुन्हा शून्यावर येतो. तक्त्यातल्या त्या घराचं स्वरूप बदलून तासांचं अक्षर चौकटी कंसात घातलं की खरी बेरीज दिसते. आणि रात्रीची झोप दोन तारखांत विभागलेली असते, म्हणून ती उठलेल्या दिवसाच्या नावावर मांडावी. आपण बोलतानाही ‘आज झोप नीट झाली नाही’ असंच म्हणतो.

घड्याळ चार्जिंगला लावलं होतं किंवा हातात नव्हतं, त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवा. तिथे शून्य भरू नका. सरासरी काढताना एक्सेल कोरं घर सोडून देतो, शून्य मात्र आकडा म्हणून धरतो आणि तुमची नाडी कागदावर उगाच खाली येते. गोळी नाडी उतरवते आहे का, हेच जिथे पाहायचं आहे, तिथे ही चूक महागात पडेल.

सरासरीबद्दलही थोडं सांगतो. समजा एका आठवड्यातली तुमची विश्रांतीची नाडी ६२, ६१, ६३, ६२, ६०, ७४, ६२ अशी आहे. सरासरी येते ६३.४. पण आठवडाभर तुमची नाडी साठ ते त्रेसष्टच होती, एका दिवसाने सगळ्यांना वर ओढलं. हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला, तर येतो ६२. याला मध्यक म्हणतात, एक्सेलमध्ये ‘मीडियन’. आठवड्याचा मध्यक डॉक्टरांना अधिक खरं चित्र देतो.

मग त्या ७४ चं काय? तो पुसायचा का? मुळीच नाही. इथे मला माझ्या वडिलांची रक्तदाबाची वही आठवते. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी. आणि शेवटी एक रुंद रकाना, शेरा. त्यात ‘रात्री गौरीचं जागरण’, ‘दाढ दुखत होती’, ‘चतुर्थीचा उपास’, ‘गोळी घ्यायची राहिली’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. डॉक्टर ती वही उघडत तेव्हा बोट आधी त्या शेवटच्या रकान्यावर जायचं. घड्याळाने सेकंदासेकंदाला टिपलेल्या लाखो ओळींत शेरा नसतो. ७४ च्या पुढे ‘अंगात ताप’ एवढे दोन शब्द तुम्हीच लिहू शकता, आणि त्यांमुळे तो आकडा चुकीचा न ठरता समजतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे : तक्त्यात शेऱ्याचा रकाना हवाच. शेरे मराठीत लिहिलेत आणि ती फाईल सीएसव्ही म्हणून साठवायची असेल, तर ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा, नाहीतर पुढच्या वेळी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. साधी एक्सेलची फाईल ठेवलीत तर हा प्रश्नच येत नाही.

घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची, हे ते माप कसं घेतलं जातं यावर ठरतं. मागच्या बाजूचा हिरवा दिवा कातडीवर उजेड टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्या हेलकाव्यांवरून ठोके मोजले जातात. हात स्थिर असेल, पट्टा नीट बसला असेल, तर हे माप चांगलं येतं. म्हणून विश्रांतीची नाडी हा घड्याळाच्या भरवशाच्या आकड्यांपैकी एक. हात हलता असला, पट्टा ढिला असला, थंडीने हात गार पडले असले की माप डगमगतं. किती उष्मांक जळले हा तर अंदाजच, आणि गाढ झोप किती, स्वप्नांची किती, ही वाटणीही अंदाजच. डॉक्टरांच्या कागदावर त्यांना जागा देऊ नका.

तुमची गोळी रक्तदाबाची आहे, त्यामुळे रक्तदाब मात्र दंडाला पट्टा बांधायच्या यंत्रानेच मोजा आणि तक्त्यात हाताने भरा. सॅमसंगच्या काही घड्याळांत रक्तदाब दाखवायची सोय आहे, पण तीही दर चार आठवड्यांनी दंडाच्या यंत्राशी ताडून घ्यावी लागते. आणि सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं घड्याळ कुणी विकायला आणलं तर घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला आहे की, टोचल्याशिवाय आपणहून साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. ईसीजी काढला असेल तर तो तक्त्यात आणू नका. ॲपमधून त्याचा पीडीएफ निघतो, तोच छापून न्या. लहरी डोळ्यांनी बघायच्या असतात.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. ती झिप फाईल व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, डॉक्टरांनासुद्धा नाही. तिच्यात तुमची जन्मतारीख आणि भरला असेल तर रक्तगट असतो. फिरण्याचे नकाशे वेगळ्या कप्प्यात असतात आणि त्यातली प्रत्येक रेघ तुमच्या दारातून निघून तुमच्या दाराशी संपते, तीही वेळेसकट. घर कधी रिकामं असतं हे सांगायला आणखी काय हवं? ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशावर लष्करी तळांच्या आतले धावण्याचे मार्ग उठून दिसले होते, ही गोष्ट २०१८ च्या जानेवारीत जगभर गाजली. ‘फाईल फुकटात बदलून देतो’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर ती चढवू नका, सायबर कॅफेच्या संगणकावर उघडू नका. एक्सेलच्या फाईलला पासवर्ड लावता येतो, तो लावा.

आणि तरीही दर तीन महिन्यांनी ती झिप काढून आपल्या पेन ड्राइव्हवर ठेवा. मी हे न केल्याचं दुःख भोगलं आहे. माझ्या पहिल्या घड्याळाच्या कंपनीने एक दिवस आपलं ॲपच बंद केलं. आजारपणानंतरची माझी दोन वर्षांची झोप आणि नाडी त्यात होती, ती कायमची गेली. मोठ्यांचंही असं झालं आहे. पेबल ही नावाजलेली कंपनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये मिटली, जॉबोन २०१७ मध्ये. मायक्रोसॉफ्टने आपली मनगटपट्ट्याची आरोग्यसेवा ३१ मे २०१९ ला बंद केली. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने नागरिकाला आपली माहिती वापरता येईल अशा रूपात परत मागण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडच्या २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र तो राहिला नाही. कोणती माहिती ठेवली आहे याचा गोषवारा मागण्याची, चूक दुरुस्त करून घेण्याची, पुसायला सांगण्याची तरतूद त्यात आहे. उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क नाही. मला ही उणीव फार गंभीर वाटते. कायद्यात ते कलम परत येईपर्यंत बटण आहे तोवर दाबून घेणं आपल्या हातात आहे. ज्या स्वस्त घड्याळांच्या ॲपमध्ये ते बटणच नसतं, त्यांच्या नोंदी ॲपल हेल्थशी किंवा अँड्रॉइडच्या ‘हेल्थ कनेक्ट’शी जोडता येतात का ते पाहावं. घड्याळ घेतानाच दुकानदाराला हे विचारायला हवं.

तर तुमचा कागद असा करा. डावीकडून तारीख, विश्रांतीची नाडी, सकाळचा रक्तदाब, संध्याकाळचा रक्तदाब, शेरा. आजपर्यंतचे रक्तदाब लिहिलेले नसतील तर ती घरं कोरी सोडा, उद्यापासून भरा. खाली आठवडावार मध्यक आणि एक साधा रेघांचा आलेख. आकडे बघून गोळी आपण होऊन कमी-जास्त करू नका. नाडी फारच खाली गेलेली दिसली आणि चक्कर, अंधारी किंवा धाप असं काही जाणवलं, तर कागद पुरा व्हायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी कागदाच्या दोन प्रती काढा, एक डॉक्टरांच्या फाईलला लावायला आणि एक तुमच्याजवळ. गोळी बदलली त्या तारखेवर आलेखात एक उभी रेघ मारायला मात्र विसरू नका. डॉक्टर सगळ्यात आधी तीच शोधतील.